चौसष्ट निकषांची गाडी

सव्वीस वर्षं खरेदी विभागात काढून तक्तेसाहेबांनी दोनच गोष्टी कमावल्या होत्या. एक म्हणजे चष्म्याचा दरवर्षी वाढत जाणारा नंबर आणि दुसरी म्हणजे हे नाव. ऑफिसात काहीही घ्यायचं झालं, मग तो पाण्याचा पंप असो की टाचण्यांचा डबा, आधी तुलनात्मक तक्ता व्हायचा आणि तो साहेबच करायचे. डावीकडे निकष, वर पुरवठादार, मध्ये गुण, खाली बेरीज आणि बेरजेखाली लाल शाईची दुहेरी रेघ. ही रेघ ते पट्टी न लावता मारत आणि ती सरळ येत असे. त्यांच्या एकाही तक्त्यावर आजवर ऑडिटची हरकत निघाली नव्हती. ही गोष्ट ते लग्नघरात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, जिथे संधी मिळेल तिथे सांगत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते कधी फारसं बाहेर पडलं नाही.

अशा माणसाच्या घरी गाडी घ्यायची ठरली.

निमित्त झालं बाईंच्या बढतीचं. बाई म्हणजे साहेबांची बायको. बावीस वर्षं गणित शिकवून त्या शाळेत बाई होत्या, इमारतीत बाई होत्या आणि होता होता घरातही बाईच झाल्या होत्या. त्यांना मुख्याध्यापिका केल्याचं पत्र आलं. शाळा अडतीस किलोमीटर लांब, भरायची सकाळी सातला, आणि तिकडची पहिली बस पोचायची सात चाळीसला. एक तारखेला रुजू व्हायचं, नाहीतर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला. नऊ वर्षांपूर्वी हीच खुर्ची एकदा दारापर्यंत आली होती आणि बसच्या याच वेळापत्रकापायी बाईंनी ती परत पाठवली होती. तेव्हा त्या नकाराचं पत्र पोस्टात टाकून आल्या होत्या आणि त्या दिवशी घरातली भांडी जरा जास्तच घासली गेली होती. या वेळी पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाल्या, "तीस दिवस आहेत. गाडी घेऊ. मी चालवीन."

चालवायला त्या मागच्याच वर्षी शिकल्या होत्या. परवाना साहेबांकडेही होता, चांगला एकोणीस वर्षांचा. मुदत संपली की ते त्याचं नूतनीकरण करून आणत आणि पुन्हा कपाटात ठेवत. गाडी चालवण्याशी त्याचा संबंध त्यांनी येऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत बढतीची बातमी साहेबांनी ऑफिसच्या तिन्ही मजल्यांवर पोचवली. आमच्या घरी आता मुख्याध्यापिका आहेत, असं ते अशा थाटात सांगत होते की नव्या टायपिस्टला वाटलं, नेमणूक साहेबांनीच केली आहे.

गाडी विजेची हवी असं बाईंचं म्हणणं होतं, कारण शाळेच्या वाटेवर पेट्रोल पंप एकही नव्हता. शेवटचा रस्ता खडबडीत, म्हणून ती जरा उंचही हवी. लेकीने मोबाइलवर शोधून सांगितलं की अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात, म्हणजे धड मोटार नाही आणि धड जीपही नाही. तशा दोन गाड्या नजरेत भरल्या. एक निळी आणि एक पांढरी. बाई म्हणाल्या, दोन्ही चालवून बघते आणि सांगते. त्यांचं ऐकलं असतं तर सगळं प्रकरण एका रविवारी जेवायच्या आत मिटलं असतं.

"नुसतं सांगून खरेदी होत नसते," साहेब म्हणाले आणि त्यांनी आडव्या रेघांचा कागद पुढे ओढला.

निकष काढायला बारा दिवस लागले. एकूण चौसष्ट निघाले. काचा वर जायला लागणारा वेळ, सेकंदांत. हॉर्नचा स्वभाव, सौजन्यपूर्ण की उद्धट. कप ठेवायच्या खाचेत घरचा कप मावतो किंवा कसे. मागे बसणाऱ्याला पुढच्याच्या डोक्याखेरीज काय दिसते. हातमोज्यांच्या कप्प्यात छत्री आडवी राहते काय. साहेबांकडे हातमोजे नव्हते, पण कप्प्याला तेच नाव असल्याने त्यांचा नाइलाज होता. लेकीने सगळी यादी वाचली आणि विचारलं, "बाबा, यात ब्रेक कुठेय?"

"तो गृहीत धरलेला असतो," साहेब म्हणाले.

यादीला अकरा सर्वसाधारण अटी जोडल्या होत्या. अकरावी अट सगळ्या खात्यात प्रसिद्ध होती, कारण ती खुद्द साहेबांनी तरुणपणी रचलेली होती: वापरलेली, प्रदर्शनात ठेवलेली अथवा दुरुस्त केलेली वस्तू कोणत्याही परिस्थितीत स्वीकारली जाणार नाही. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द नंतरच्या सुधारणेत आले होते आणि त्यांचा साहेबांना विशेष अभिमान होता. निकष आणि अटी दोन्ही शोरूमना रजिस्टर पोस्टाने गेल्या. निळ्या गाडीच्या शोरूममधल्या मॅडमनी फोन करून, साहेब नक्की किती गाड्या घेणार आहेत, असं आदराने विचारलं. एक, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

दरम्यान खाली चार्जर बसवायला इमारतीच्या समितीची परवानगी लागणार होती. साहेबांनी अर्ज केला, सोबत दोन दुकानांची दरपत्रकं जोडली. चार दिवसांनी अर्ज परत आला. समासात शेरा होता: तिसरे दरपत्रक जोडून फेरसादर करावे.

हा शेरा साहेबांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. असे शेकडो शेरे त्यांनी आयुष्यात मारले होते, पण दुसऱ्याच्या अक्षरात तो त्यांनी प्रथमच पाहिला. ते तडक समितीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींचं फर्निचरचं दुकान होतं. त्यांनी साहेबांना बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे आठवण करून दिली की अकरा वर्षांपूर्वी याच असल्या खुर्च्यांची त्यांची फाइल साहेबांनी दोनदा परत पाठवली होती, त्यातली एकदा याच कारणासाठी. तेव्हा फार राग आला होता, ते म्हणाले, पण नंतर पटलं की नियम चांगला आहे, म्हणून समितीलाही लावून घेतला. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता, आणि तेच साहेबांना जास्त लागलं.

गावात चार्जरचं तिसरं दुकान नव्हतं. शेवटी तळमजल्यावरचे व्होल्टकाका धावून आले. काकांनी चाळीस वर्षं वीज कंपनीच्या खांबांवर काढली होती आणि विजेबद्दल त्यांचं मत वाईट होतं. वीज मी जवळून पाहिली आहे, ती विश्वास ठेवण्यासारखी नाही, असं ते येता-जाता सांगत. गाडी चार्ज करताना रबरी चपला घालाव्यात, आणि शक्यतो तिच्याकडे पाठ करू नये, असाही त्यांचा सल्ला होता. तरीही शेजारधर्म म्हणून त्यांनी एका कागदावर चार्जर बसवून देण्याचं दरपत्रक खरडून दिलं, बाकी दोघांच्या अडीचपट. नावापुरतं तिसरं दरपत्रक कसं ओळखायचं, यावर साहेबांनी एकदा प्रशिक्षणवर्गात दीड तास व्याख्यान दिलं होतं. आता तसलाच कागद अर्जाला टाचताना त्यांचे कान लाल झाले. काका मात्र म्हणाले की काम मिळालं तर खरंच करीन, मग लाजता कशाला.

या मदतीच्या बदल्यात काकांना गाडीतून चक्कर हवी होती. साहेबांनी मान्य केलं. त्यांनाही मागच्या आसनावर वजन हवंच होतं.

चाचणीचा नियम एकच: दोन्ही गाड्यांना समान अटी. तोच रस्ता, तीच वेळ, तीच माणसं, त्याच जागा. पहिल्या रविवारी निळी आली. साहेबांनी प्रथम तिच्या नाकावरच्या कंपनीच्या चिन्हावर खाकी कागद चिकटवला, म्हणजे नावामुळे मन कलायला नको. शोरूमच्या मॅडमनी हे सगळं भुवया उंचावून पाहिलं. बाई स्टिअरिंगवर बसल्या, शेजारी साहेब मांडीवर तक्ता घेऊन, मागे मॅडम, लेक आणि काका. काका चौऱ्याण्णव किलोंचे होते. साहेबांनी त्यांना सकाळी वजनकाट्यावर उभं करून आकडा लिहून घेतला होता.

गाडी निघाली तशी आवाज न करता निघाली. काकांना वाटलं बंदच आहे, ते उतरायला लागले. लेकीने त्यांना दंडाला धरून बसवलं. पुलावर पोचेपर्यंत साहेबांनी काचा नऊ वेळा वरखाली केल्या, पंखा पूर्ण सोडला, दिवे लावले, कोरड्या काचेवर वायपर फिरवले. बाई शांतपणे चालवत होत्या. एका वळणावर त्या म्हणाल्या, "अहो, ही मला..."

साहेबांनी बोट वर केलं. "आता बोलू नकोस. निकष चौदा चालू आहे."

निकष चौदा म्हणजे आतली शांतता. ती मोजायला तीन मिनिटं कुणी बोलायचं नव्हतं. नेमके दोन मिनिटांनी काका शिंकले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुढे बाजाराच्या गर्दीत शिरताना बाईंनी परत तोंड उघडलं, तेव्हा निकष सदतीस चालू होता आणि साहेबांचं बोट परत वर गेलं. बाईंनी मग सगळं लक्ष रस्त्याकडे दिलं. गाडी त्यांनी अशी बेताने आणून दारात लावली की मॅडम लेकीला म्हणाल्या, तुझी आई छान चालवते. लेकीने ते साहेबांना सांगितलं. साहेब खूश झाले, पण चालकाच्या कौशल्याचा रकाना नसल्यामुळे ते त्यांना कुठे लिहिता आलं नाही.

पुढच्या रविवारी पांढरी यायची होती आणि शनिवारी काकांची दाढ सुजली. गालाला मफलर बांधून ते पडून होते. साहेबांपुढे पेच पडला. चौऱ्याण्णव किलो कमी झाले तर पांढरीला अन्यायाने फायदा होणार. लेकीने आपल्या दोन मैत्रिणी सुचवल्या, पण माणसांची वजनं जेवणाप्रमाणे बदलतात म्हणून साहेबांनी त्या नाकारल्या. अखेर वीस लिटरचे पाण्याचे चार कॅन भरून काकांच्या जागी बसवण्यात आले. उरलेल्या चौदा किलोंसाठी माळ्यावरचा जुना टाइपरायटर काढला. कॅनना आणि टाइपरायटरला मिळून एक सीटबेल्ट लावला. पांढऱ्या गाडीचा विक्रेता टाय घालून आला होता. आपल्या शेजारी हे काय बसणार आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा लेकीने सांगितलं, "आमचे खालचे काका."

पहिले चार किलोमीटर सगळं यथासांग चाललं. बाई या वेळी आसनाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या आणि मान उंच करून समोर बघत होत्या. बाईंची उंची चार फूट अकरा इंच. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण ते कप ठेवायच्या खाचेत घरचा कप बसवून बघत होते. बाई जरा मोठ्याने म्हणाल्या, "ऐका, या गाडीत माझा..." आणि त्याच क्षणी गतिरोधक आला. गाडी उडाली, टाइपरायटर कॅनवर आपटला, कॅनचं झाकण निघालं आणि अकरा लिटर पाणी विक्रेत्याच्या मांडीवरून पांढऱ्या आसनांवर पसरलं. टाइपरायटरची घंटा मात्र व्यवस्थित वाजली. विक्रेता उरलेला रस्ता दोन्ही पाय वर घेऊन बसला होता. त्याच्या टायमधून पाणी ठिबकत होतं.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. साहेबांनी माफी मागितली, पण त्यांचं डोकं दुसरीकडेच होतं. पांढरीत पाणी सांडलं, निळीत सांडलं नाही, म्हणजे अटी समान राहिल्या नाहीत. त्यांनी संध्याकाळी निळीच्या मॅडमना फोन करून, आपल्या गाडीत अकरा लिटर पाणी ओतू द्याल का, असं रीतसर विचारलं. मॅडमनी नम्रपणे नकार दिला. साहेबांनी तशी नोंद तक्त्याच्या तळटीपेत केली.

एकविसाव्या दिवशी बेरीज झाली. पांढरी चारशे बारा, निळी चारशे नऊ. साहेबांनी लाल शाईची दुहेरी रेघ मारली आणि तक्ता डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. असा तक्ता त्यांच्या हातून पूर्वी झाला नव्हता आणि पुढे होईल असंही त्यांना वाटेना. एवढी देखणी चीज घरच्या चार भिंतींत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी ते तक्ता घेऊन ऑफिसात गेले आणि त्यांनी ऑडिटवाल्यांना चहाला बोलावलं.

ऑडिटवाले आणि साहेब सव्वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी होते. हे गृहस्थ वाळक्या शरीराचे, बोलायला मवाळ, आणि त्यांनी साहेबांच्या तक्त्यांत हरकत शोधण्यात आपली उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, तक्ता सुरुवातीपासून वाचला, बेरजा बोटांवर तपासल्या.

"सुंदर," ते म्हणाले. "रेघ तर फारच."

साहेबांची छाती फुगली.

"मागणीपत्र कुठंय?"

साहेबांचा हात सवयीने फाइलीकडे गेला आणि तिथेच थांबला. खरेदीचा पहिला नियम असा की जो वस्तू वापरणार, त्याने आधी लिहून द्यायचं की आपल्याला नेमकं काय पाहिजे आणि कशासाठी. तो कागद म्हणजे मागणीपत्र. त्यावाचून तक्ता करायला घेणं म्हणजे कुणाचं माप न घेता सदरा शिवणं, असं साहेब स्वतःच शिकाऊ कारकुनांना सांगत. हा एक कागद नाही म्हणून त्यांनी किती फाइली परत धाडल्या होत्या याची मोजदाद नव्हती.

"गाडी चालवणार कोण?" ऑडिटवाल्यांनी विचारलं.

"बाई."

"मग बाईंनी काय मागितलंय?"

"गाडी," साहेब म्हणाले.

"कशी?"

चौसष्ट निकष समोर पडले होते, आणि त्यातला एकही बाईंचा नव्हता. ऑडिटवाल्यांनी खिशातून पेन काढलं, थोडा विचार केला, पेन परत ठेवलं आणि पेन्सिल काढली. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: मागणीपत्राअभावी हरकत. सव्वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, पण त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. पेन्सिलीचं आहे, खोडता येईल, असं म्हणून ते न पिता ठेवलेला चहा पिऊ लागले.

साहेब त्या दिवशी बसने आले नाहीत, चालत आले. घरी बाई नव्या शाळेच्या फाइली वाचत बसल्या होत्या. साहेबांनी बूटसुद्धा न काढता कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मला तुझं मागणीपत्र हवंय."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग गणित मांडावं तशा तीन ओळी लिहिल्या. एक, माझा पाय ब्रेकवर पूर्ण टेकला पाहिजे, नुसता अंगठा नव्हे. दोन, वळताना गाडीचं नाक मला दिसलं पाहिजे, कारण शाळेचं फाटक अरुंद आहे आणि आत मुलं असतात. तीन, गाडी एक तारखेला सकाळी सहाला दारात पाहिजे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांपुढे आसनाच्या टोकाला बसून मान ताणणाऱ्या बाई आल्या, आणि तो कपही आला. पहिल्या दोन ओळींतच पांढरी बाद झाली होती. चारशे बारा गुण मिळवून बाद झाली होती.

"हे आधी का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"तीनदा सांगायला गेले. दोनदा तुम्ही बोट वर केलंत आणि तिसऱ्यांदा गाडीत पाणी आलं."

साहेबांनी निळीच्या मॅडमना फोन लावला. गाडी घेतो म्हणाले. मॅडमना आनंद झाला आणि त्यांनी सांगितलं की आज नोंदवली तर आठ आठवड्यांत मिळेल. एक तारखेला आठ दिवस उरले होते. साहेबांनी विनवलं, आवाज चढवला, परत विनवलं. मॅडम तरी काय करणार, गाड्या कारखान्यातूनच उशिरा येत होत्या. वीस दिवसांपूर्वी आला असतात तर एक जागेवर उभी होती, असं त्या सहज बोलून गेल्या.

साहेबांनी फोन ठेवला. बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नुसता दुसरा कोरा कागद ओढला, वर तारीख घातली आणि खाली 'महोदय' असं लिहिलं. लेक दारात उभी होती. तिने बापाकडे असं पाहिलं की साहेबांनी नजर खाली घातली. नऊ वर्षांपूर्वी निदान दोष बसचा होता. या वेळी बाईंची खुर्ची जाणार होती ती साहेबांच्या निष्कलंक कारकिर्दीपायी, आणि हे कुठल्याही ऑडिटने सांगायची गरज नव्हती. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"थांब," ते म्हणाले. "पुढे लिहू नकोस."

त्यांनी परत फोन लावला. आम्ही चालवली ती गाडी कुठे आहे, त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की ती चाचणीची गाडी, शेकडो लोकांनी चालवलेली, मागच्या दाराला एक ओरखडा आहे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नवी चाचणीची गाडी येते, तेव्हा ही विकायचीच आहे. "पण साहेब, तुमची अकरावी अट आहे ना. मी ती भिंतीवर लावून ठेवलीय."

साहेबांनी डोळे मिटले. कोणत्याही परिस्थितीत, हे त्यांचे स्वतःचे शब्द. ठेकेदार रडले, वरिष्ठ रागावले, एकदा तर मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला, तरी ते त्यातून तसूभर हलले नव्हते. त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि लाल रेघेखाली लिहिलं: निळी. विशेष बाब म्हणून मान्य. हे चार शब्द लोकांनी त्यांच्याकडून मागून मागून हात टेकले होते आणि त्यांनी एकालाही दिले नव्हते. खाली सही त्यांनी पूर्ण नावाने केली.

"अट काढून टाका भिंतीवरून," ते फोनवर म्हणाले. "उद्या सकाळी येतो."

बाईंनी 'महोदय'चा कागद चुरगाळला. त्या हसल्या नाहीत, पण भांडी नेहमीइतकीच घासली गेली.

पुढचे आठ दिवस साहेब रांगेत होते. परिवहन कार्यालयात त्यांचा अर्ज फोटो कानासकट नाही म्हणून परत आला, मग कान दिसतात पण चष्मा चमकतो म्हणून परत आला. गाडी बाईंच्या नावावर करायची असताना फोटो साहेबांचा कशाला, हे खिडकीतल्या कारकुनाला तिसऱ्या दिवशी सुचलं. साहेबांनी एकदाही वाद घातला नाही. खिडकीच्या अलीकडून जग कसं दिसतं, हे ते प्रथमच पाहत होते. एकोणतिसाव्या दिवशी चार्जरला परवानगी मिळाली. सेक्रेटरी स्वतः कागद घेऊन वर आले आणि त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. पहिल्यांदा चार्जर सुरू करताना काका रबरी चपला घालून, गाडीकडे तोंड करून उभे होते.

एक तारखेला सकाळी सहाला गाडी दारात होती. साहेबांनी ऑफिसातून एका दिवसाची रजा काढली होती. ते बाईंच्या शेजारी बसले. मांडीवर काहीच नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. अडतीस किलोमीटर त्यांनी एकाही बटणाला हात लावला नाही. शाळेचं फाटक खरोखरच अरुंद निघालं. बाईंनी गाडी वळवली, नाक दोन खांबांच्या मधोमध आणलं, आणि तेवढ्यात दप्तर पाठीला लावलेली एक चिमुरडी कशाच्या तरी मागे धावत समोरून गेली. बाईंचा पाय ब्रेकवर पूर्ण टेकला. गाडी जागच्या जागी थांबली. मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही. बाईंनी पाय काढला, गाडी आत घेतली, झाडाखाली लावली आणि पर्स उचलून, केस नीट करून, पायऱ्या चढून गेल्या. पावणेसात झाले होते. पायऱ्यांवरचे शिक्षक बाजूला सरले. बाईंना तसं जाताना बघून साहेबांना एकदम भरून आलं. ते गाडीत एकटेच होते म्हणून त्यांनी डोळे पुसून घेतले.

मग त्यांच्या ध्यानात आलं की परत जायचं कसं, याचा विचार कुणीच केलेला नाही. गाडी त्यांना चालवता येत नव्हती आणि परतीची बस बाराला होती. ते उतरले आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने एक पालक आले, हातात तक्रारीचा अर्ज घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

"नव्या बाई कडक आहेत म्हणे," पालक दबक्या आवाजात म्हणाले. "तुमचाही अर्ज आहे का?"

"होता, चौसष्ट निकषांचा," साहेब म्हणाले. "नामंजूर झाला. बरोबर केलं त्यांनी."

"म्हणजे तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी त्यांचा नवरा."

पालक उठून उभे राहिले. त्यांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि मधली जागा साहेबांना दिली. साहेबांसाठी आजवर पुष्कळ लोक उठून उभे राहिले होते, पण त्या सगळ्यांचं कुठलं ना कुठलं बिल अडकलेलं असायचं. ते मध्यभागी ऐसपैस बसले. आतून बाईंचा आवाज येत होता, वेळापत्रकातली काहीतरी चूक कुणाला तरी समजावून सांगणारा. बाराची बस फाटकापाशी आली, थांबली आणि गेली. साहेब जागचे हलले नाहीत. शाळा साडेबाराला सुटायची होती, आणि त्यांना गाडीतून परत न्यायला मुख्याध्यापिका स्वतः येणार होत्या.